अधिवृक्क ग्रंथीचा पसरलेला कर्करोग

अधिवृक्क अर्थात ॲड्रेनल ग्रंथीच्या बाह्यकात सुरू होऊन यकृत, फुप्फुसे, हाडे किंवा दूरच्या लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचलेल्या कर्करोगाला अधिवृक्क ग्रंथीचा पसरलेला कर्करोग म्हणतात. हा अत्यंत दुर्मीळ आणि बहुधा वेगाने वाढणारा आजार आहे. गाठ पूर्णपणे काढून टाकणारी शस्त्रक्रिया, मायटोटेन हे औषध आणि रसायनोपचार म्हणजे केमोथेरपी हे त्याच्या उपचारांचे तीन मुख्य आधार आहेत. कोणत्या रुग्णात यांपैकी काय आधी करायचे, हा या आजारातील सर्वांत कळीचा निर्णय असतो. शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रात होते. मात्र औषधोपचाराचा मोठा काळ रुग्ण आपल्या गावी काढतो. त्यामुळे नांदेड जिल्ह्यातील कंधारसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनाही या उपचारांची तोंडओळख असणे आवश्यक ठरते.

वारंवारता

पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार दर १० लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ०.७ ते २ व्यक्तींना हा आजार होतो. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि लातूर जिल्ह्याची २४,५४,१९६ होती. तोच दर येथे धरला, तर दोन्ही जिल्हे मिळून वर्षाला चार ते बारा रुग्ण होतील. हा केवळ अंदाज आहे, पण त्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. तालुक्यातील एखाद्या डॉक्टरला संपूर्ण कारकिर्दीत असा एकही रुग्ण दिसला नाही, तर त्यात नवल नाही.

हा कर्करोग पाच वर्षांखालील बालकांत आणि चाळिशी-पन्नाशीतील प्रौढांत अधिक आढळतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा काहीसे जास्त आहे.

ग्रंथी आणि तिचे कार्य

प्रत्येक मूत्रपिंडाच्या वरच्या टोकावर एक अशा दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. ग्रंथीचा बाहेरचा भाग बाह्यक आणि आतला भाग मध्यक होय. बाह्यकात तीन प्रकारची संप्रेरके तयार होतात. अल्डोस्टेरॉन शरीरातील मीठ व पाणी यांचे संतुलन राखते. कॉर्टिसॉल रक्तातील साखर, रक्तदाब आणि आजारपणाचा ताण सोसण्याची क्षमता सांभाळते. तिसरा प्रकार पुरुषी लैंगिक संप्रेरकांच्या पूर्वरूपांचा आहे. मध्यकात ॲड्रेनलिन तयार होते. मध्यकाच्या अर्बुदांची वागणूक आणि उपचार वेगळे असल्याने त्यांचा उल्लेख शेवटी केला आहे.

कॉर्टिसॉलशिवाय माणूस जगू शकत नाही. या आजाराच्या उपचारांतील बरेचसे धोके याच वस्तुस्थितीतून निर्माण होतात.

लक्षणे

निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ स्वतःच संप्रेरके बनवू लागते. कॉर्टिसॉल वाढल्यास चेहरा गोल व लालसर होतो, पोट सुटते, हातपाय मात्र बारीक होतात. पोटावर आणि मांड्यांवर जांभळट पट्टे उमटतात, जिना चढताना किंवा उकिडवे बसून उठताना मांड्यांत जोर राहत नाही. मधुमेह व उच्च रक्तदाब नव्याने सुरू होतो किंवा असलेला आटोक्याबाहेर जातो, आणि रक्तातील पोटॅशियम उतरते. पुरुषी संप्रेरके वाढल्यास स्त्रियांच्या चेहऱ्यावर राठ केस येतात, आवाज घोगरा होतो, पाळी बंद होते. लहान मुलांत वयाच्या फार आधी जननांगांभोवती केस येणे हे बहुधा पहिले लक्षण असते.

यांपैकी प्रत्येक लक्षण एकेकटे पाहिले तर सामान्य आजाराचे वाटते. संशय यावा तो त्यांच्या वेगामुळे. असे बदल वर्षानुवर्षे न होता काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झाले असतील, तर संप्रेरकांची तपासणी लांबणीवर टाकू नये. मात्र त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. गोल चेहरा आणि सुटलेले पोट यांचे सर्वांत सामान्य कारण बाहेरून घेतलेली स्टेरॉइड औषधे हे आहे. अंगदुखी, सांधेदुखी किंवा दम्यासाठी घेतलेल्या, नाव न लिहिलेल्या पुड्या व गोळ्या यांचाही त्यात समावेश होतो. अशी औषधे चालू असतील, तर ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

ज्यांच्या गाठीत संप्रेरके बनत नाहीत त्यांना बराच काळ काहीच जाणवत नाही. पुढे पोटात किंवा कुशीत दुखणे, थोडेसे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे किंवा हाताला गोळा लागणे अशा तक्रारी सुरू होतात. कधी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ अवचित सापडते.

निदान

रक्त व लघवीच्या तपासण्यांतून गाठ कोणते संप्रेरक बनवते हे शोधले जाते. रात्री डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी कॉर्टिसॉल मोजणे ही त्यांतील सोपी व स्वस्त चाचणी आहे. मध्यकाच्या अर्बुदाची शक्यता दूर करण्यासाठी मेटानेफ्रिनची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी व्हायलाच हवी. ते अर्बुद लक्षात न येता भूल दिली गेली, तर रक्तदाब एकदम चढून मृत्यू ओढवू शकतो.

छाती, पोट आणि कटिभाग यांच्या सीटी स्कॅनमधून गाठीचा आकार, आजूबाजूच्या अवयवांशी असलेला तिचा संबंध आणि आजाराचा फैलाव समजतो. काही रुग्णांत पेट स्कॅनही करावा लागतो. भारतात अधिवृक्क ग्रंथी मोठ्या दिसण्यामागे क्षयरोग आणि हिस्टोप्लाझ्मोसिस हा बुरशीजन्य संसर्ग हीही कारणे असतात. विशेषतः दोन्ही बाजूंच्या ग्रंथी वाढलेल्या असल्या, तर त्यांचा विचार आधी करावा. फुप्फुस किंवा अन्य अवयवांचा कर्करोगही अधिवृक्क ग्रंथीत येऊन वसतो. तो येथे वर्णन केलेला आजार नव्हे आणि त्याचे उपचारही वेगळे असतात.

गाठीत सुई घालून तुकडा तपासण्याची घाई या आजारात करू नये. त्या तपासणीत साधी गाठ आणि कर्करोग यांतील फरक खात्रीने कळत नाही, आणि गाठीचे आवरण फुटून पेशी पोटात सांडण्याची भीती असते. आजार पसरलेला असून शस्त्रक्रिया शक्य नसेल आणि उपचार सुरू करण्यासाठी पुरावा हवा असेल, तर तुकडा घेतला जातो. गाठ काढल्यानंतर विकृतिशास्त्रज्ञ वाइस गुणांकन वापरतात. त्यातील नऊ निकषांपैकी तीन किंवा अधिक आढळल्यास गाठ कर्करोगाची मानली जाते. पेशी किती वेगाने विभागत आहेत हे सांगणारा केआय-६७ निर्देशांक पुढील उपचार ठरवताना उपयोगी पडतो.

अवस्था

युरोपातील अधिवृक्क अर्बुद अभ्यासगटाची, म्हणजे एन्सॅटची, वर्गवारी सर्वत्र वापरली जाते. ५ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान, ग्रंथीपुरती मर्यादित गाठ पहिल्या अवस्थेत आणि त्याहून मोठी पण ग्रंथीपुरतीच असलेली गाठ दुसऱ्या अवस्थेत मोडते. आजूबाजूच्या ऊतींत शिरकाव, जवळच्या लसीका ग्रंथींत आजार किंवा मोठ्या नीलेत अर्बुदाची गुठळी असेल तर तिसरी अवस्था होते. दूरच्या अवयवांत आजार असल्यास ती चौथी अवस्था, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तीच आहे.

चौथ्या अवस्थेतील सर्व रुग्णांचा आजार सारख्याच वेगाने वाढत नाही. फुप्फुसात दोनच लहान गाठी असलेला रुग्ण आणि यकृत, हाडे व फुप्फुसे अशा तिन्ही ठिकाणी आजार असलेला रुग्ण यांना एकाच आकड्यात बसवणे दिशाभूल करणारे आहे. तरीही एकंदर चित्र गंभीर आहे. या अवस्थेत निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक अभ्यासांत पाचांत एकाहून कमी आढळते.

शस्त्रक्रिया

या कर्करोगातून पूर्ण बरे होण्याची शक्यता फक्त शस्त्रक्रियेने निर्माण होते, आणि तीही गाठ एकसंध, आवरण न फुटता, कडेने निरोगी ऊतींसह बाहेर आली तरच. गरज पडल्यास त्याच बाजूचे मूत्रपिंड, प्लीहा, स्वादुपिंडाचे शेपूट किंवा यकृताचा भाग गाठीसोबत काढला जातो. कर्करोगाचा दाट संशय असलेल्या मोठ्या गाठींसाठी दुर्बिणीऐवजी पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया पसंत केली जाते.

उजव्या अधिवृक्क ग्रंथीची नीला आखूड असून ती थेट अधोमहानीलेत उघडते. डावीची नीला मूत्रपिंडाच्या नीलेला मिळते. उजवीकडील गाठ त्यामुळे अधोमहानीलेत वाढत जाऊन कधी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोहोचते. अशा वेळी हृदय-फुप्फुस यंत्राची सोय आणि हृदयशल्यविशारद सोबत असावे लागतात. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी अशा शस्त्रक्रिया करणाऱ्याने वर्षाला किमान ६ आणि शक्यतो २० हून अधिक अधिवृक्क शस्त्रक्रिया कराव्यात असे सुचवले आहे. पहिली शस्त्रक्रिया अपुरी राहिली तर ती चूक पुढे भरून काढणे फार अवघड असते. म्हणून जवळचे रुग्णालय शस्त्रक्रियेला तयार असले, तरी लांबच्या अनुभवी केंद्रात जाण्याचा सल्ला या आजारात योग्य ठरतो.

आजार पसरल्यावर शस्त्रक्रियेला अर्थ उरतो का, हा प्रश्न कुटुंबीय नेहमी विचारतात. त्याचे उत्तर आजाराच्या विस्तारावर अवलंबून आहे. मूळ गाठ आणि दूरच्या मोजक्या गाठी अशा सर्व काढता येण्याजोग्या असतील, तर शस्त्रक्रिया करून नंतर मायटोटेन देणे हा मान्य मार्ग आहे. सर्व आजार काढता येणार नसेल, तर आधी रसायनोपचार सुरू करतात आणि काही चक्रांनंतर पुन्हा स्कॅन करून पाहतात. गाठी पुरेशा आकसल्या तर आरंभी अशक्य असलेली शस्त्रक्रिया काही रुग्णांत शक्य होते. आजार अनेक ठिकाणी असताना केवळ मूळ गाठीचा काही भाग काढण्याने सहसा लाभ होत नाही. औषधांनी न आवरणारे कॉर्टिसॉल रुग्णाचा जीव धोक्यात आणत असेल, तर मात्र गाठीचा भार कमी करण्याचा विचार होतो.

शस्त्रक्रियेनंतर आजार परतला तर मधल्या काळाची लांबी पाहतात. वर्षाहून अधिक काळ रुग्ण आजारमुक्त राहिला असेल आणि नव्या गाठी पूर्ण निघणार असतील, तर पुन्हा शस्त्रक्रिया हितकारक ठरते. थोड्याच महिन्यांत अनेक गाठी उगवल्या असतील, तर रसायनोपचाराला प्राधान्य मिळते. एखाददुसऱ्या गाठीसाठी नेमका किरणोपचार किंवा सुईवाटे उष्णतेने गाठ जाळणे हे पर्यायही आहेत.

कॉर्टिसॉल बनवणारी गाठ काढल्यावर रुग्णाची दुसरी, निरोगी ग्रंथी लगेच काम सुरू करत नाही, कारण तोवर ती दबून गेलेली असते. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि नंतर काही महिने हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागते.

मायटोटेन

मायटोटेनचा इतिहास कीटकनाशकाशी जोडलेला आहे. १९५३ पासून राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रमात भारतातील खेडोपाडी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले, ते अनेक वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. त्याच रासायनिक कुळातील डीडीडी या पदार्थामुळे कुत्र्यांच्या अधिवृक्क ग्रंथीचे बाह्यक नष्ट होते, असे नेल्सन आणि वुडार्ड यांनी १९४९ मध्ये दाखवले. त्या पदार्थाचे एक रूप म्हणजे मायटोटेन. १९५९-६० च्या सुमारास ते अधिवृक्क कर्करोगाच्या रुग्णांना देण्यात आले आणि १९७० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. अर्धशतकानंतरही खास या कर्करोगासाठीचे मुख्य औषध तेच आहे. यात औषधाचे यश जितके आहे तितकेच दुर्मीळ आजारांकडे झालेले संशोधनाचे दुर्लक्षही आहे.

हे औषध ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या रूपात मिळते. गोळ्या दूध किंवा स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत घेतल्यास अधिक शोषल्या जातात. परिणामासाठी रक्तातील पातळी दर लिटरमागे १४ ते २० मिलिग्रॅम असावी लागते. त्याखाली परिणाम अपुरा पडतो आणि त्यावर गेल्यास मेंदूवर दुष्परिणाम दिसतात. औषध शरीरातील चरबीत साठत जात असल्याने ही पातळी गाठायला बहुधा दोन ते तीन महिने लागतात, आणि औषध थांबवल्यावरही ते शरीरात दीर्घकाळ टिकते. वेगाने वाढणाऱ्या आजारात एकटे मायटोटेन पुरत नाही, त्याचे कारण हेच.

मळमळ, जुलाब, भूक मंदावणे, चक्कर, तोल जाणे, विसराळूपणा, कोलेस्टेरॉल वाढणे, थायरॉइडची पातळी उतरणे आणि पुरुषांत स्तनांची वाढ हे त्याचे दुष्परिणाम होत. यकृतातील विकरे चेतवून ते इतर अनेक औषधांचा परिणाम कमी करते. त्यांत रक्तदाबाची काही औषधे, वॉरफेरिन आणि संततिनियमनाच्या गोळ्या येतात. गर्भधारणा टाळण्यासाठी उपचारकाळात व त्यानंतरही दुसरे साधन वापरावे लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मायटोटेन निरोगी ग्रंथीलाही निकामी करते. हे औषध घेणाऱ्या जवळपास प्रत्येक रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोन रोज घ्यावे लागते. मायटोटेन त्याचाही झपाट्याने निचरा करत असल्याने मात्रा नेहमीपेक्षा जास्त, अनेकदा दिवसाला ५० मिलिग्रॅम किंवा अधिक लागते. ताप आल्यास ती दुप्पट किंवा तिप्पट करतात. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि सलाइन तातडीने द्यावे लागते. विलंब झाला तर रक्तदाब कोसळून काही तासांत मृत्यू येऊ शकतो. कर्करोग आटोक्यात असलेला रुग्णही अशा वेळी साध्या जुलाब-उलटीने दगावू शकतो.

शस्त्रक्रियेने आजार पूर्ण निघाल्यानंतर तो परत येऊ नये म्हणूनही मायटोटेन देतात. मात्र परतण्याचा धोका कमी असलेल्या रुग्णांत त्याचा स्पष्ट लाभ दिसत नाही, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲडिउवो चाचणीत आढळले.

रसायनोपचार

पसरलेल्या आजारात इटोपोसाइड, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन ही तीन औषधे मायटोटेनसोबत देण्याची पद्धत प्रमाण मानली जाते. इटलीतील वैद्यकगटाने ती प्रथम वापरली. शिरेतून द्यावयाच्या औषधांचे एक चक्र चार आठवड्यांचे असते आणि त्यातील पहिल्या चार दिवसांत औषधे दिली जातात. मायटोटेन रोज चालू राहते. कर्करोगाच्या पेशी औषध बाहेर फेकण्यासाठी वापरत असलेली यंत्रणा मायटोटेनमुळे मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले होते. या जोडणीमागे तोही एक विचार होता.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फर्म-ॲक्ट चाचणीने या पद्धतीला आधार दिला. इतक्या दुर्मीळ आजाराचे ३०४ रुग्ण जमवण्यासाठी १२ देशांतील केंद्रांना एकत्र यावे लागले. अर्ध्या रुग्णांना वरील तीन औषधे व मायटोटेन, तर अर्ध्यांना स्ट्रेप्टोझोसिन व मायटोटेन मिळाले. पहिल्या गटात २३.२ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, दुसऱ्यात ९.२ टक्के. आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ पहिल्या गटात ५ महिने आणि दुसऱ्यात २.१ महिने होता. एकूण आयुर्मानातील फरक, १४.८ विरुद्ध १२ महिने, संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. एका गटात उपयोग न झाल्यास दुसऱ्या गटातील औषधे देण्याची मुभा होती, हे त्याचे एक कारण मानले जाते.

हे आकडे उत्साहवर्धक नाहीत, पण त्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी आणि निम्मे त्याहून अधिक काळ. ज्या थोड्या रुग्णांत औषधे चांगली लागू पडतात आणि नंतर शस्त्रक्रिया होऊ शकते, त्यांचा प्रवास सरासरीपेक्षा बराच लांबतो. उलट वय, अशक्तपणा आणि इतर आजार पाहता कोणाला इतका तीव्र उपचार झेपणार नाही, हेही आधीच स्पष्ट बोलले गेले पाहिजे.

सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना व ऐकण्याच्या क्षमतेला इजा करू शकते. म्हणून औषधाआधी आणि नंतर भरपूर सलाइन देतात, आणि घरी गेल्यावरही पाणी पुरेसे प्यावे लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा ४० अंशांच्या वर असताना, हा सल्ला अधिकच काटेकोरपणे पाळायला हवा. डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाच्या स्नायूंवर ताण येतो, त्यामुळे टूडी इको तपासणी करतात आणि औषधाच्या एकूण मात्रेला मर्यादा असते. केस गळणे, तोंड येणे आणि मळमळ हे नेहमीचे त्रास आहेत. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना येणारा ताप मात्र आणीबाणीचा असतो. अशा तापात घरी पॅरासिटामॉल घेऊन दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मायटोटेनही चालू असेल तर त्याच वेळी हायड्रोकॉर्टिसोनची मात्राही वाढवावी लागते.

रसायनोपचाराआधी वाढलेले कॉर्टिसॉल खाली आणणे हे अनेकदा दुर्लक्षित राहणारे काम आहे. अति कॉर्टिसॉलमुळे प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेली असते आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो. मेटिरापोन किंवा कीटोकोनॅझोलसारखी औषधे त्यासाठी दिली जातात.

पहिल्या पद्धतीचा उपयोग न झाल्यास जेमसिटाबिन व कॅपेसिटाबिन किंवा स्ट्रेप्टोझोसिन वापरतात. पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधाचा आणि कॅबोझँटिनिबचा थोड्या रुग्णांत उपयोग झालेला आहे. लिन्सिटिनिब या औषधाकडून मोठ्या अपेक्षा होत्या, पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते निष्प्रभ ठरले.

कंधार, नांदेड व लातूर परिसरातील उपचारव्यवस्था

मन्याड नदीच्या खोऱ्यातील, राष्ट्रकूटकालीन किल्ल्यासाठी परिचित असलेले कंधार नांदेडपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. येथील रुग्णाला पुढील तपासणीसाठी विष्णुपुरी, नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे सर्वांत जवळचे मोठे शासकीय केंद्र होय. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि विवेकानंद रुग्णालय आहे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय ही मराठवाड्यातील रुग्ण जातात अशी आणखी दोन केंद्रे. निजामाच्या काळापासूनच्या संबंधांमुळे नांदेडकडील अनेक कुटुंबे आजही उपचारासाठी हैदराबादला जातात.

परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच परिसरात असलेल्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. या आजारात शल्यविशारद, कर्करोगतज्ज्ञ आणि अंतःस्रावतज्ज्ञ या तिघांची गरज एकाच वेळी भासते, त्या दृष्टीने ही जवळीक सोयीची आहे. नांदेडहून मुंबईचा रेल्वेप्रवास सुमारे ६०० किलोमीटरचा आहे. रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर व तिसऱ्या वातानुकूलित वर्गात भाड्याची पूर्ण सवलत आणि एका सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा व परळची नाना पालकर स्मृती समिती या संस्था रुग्णांच्या नातेवाइकांना परिचित आहेत. मोठ्या केंद्रात जाताना अहवालांच्या कागदांसोबत तपासलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या, मेणाचे ठोकळे आणि स्कॅनची सीडी नेल्यास तपासण्या पुन्हा करण्याचा वेळ वाचतो.

प्रत्येक चक्रासाठी मुंबई गाठणे मात्र आवश्यक नसते. इटोपोसाइड, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन ही जुनी, इतर कर्करोगांतही वापरली जाणारी औषधे आहेत. योजना मोठ्या केंद्राने आखून दिल्यास चक्रे जिल्ह्याजवळच्या कर्करोग विभागात देता येतात. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडचा उद्देशच देशभरच्या रुग्णालयांत समान दर्जाचे उपचार पोहोचवणे हा आहे. मायटोटेनची गोष्ट वेगळी आहे. ते सर्वसाधारण औषधांच्या दुकानात मिळत नाही, महाग आहे, आणि त्याची रक्तातील पातळी मोजण्याची सोयही थोड्याच ठिकाणी आहे. त्यामुळे गोळ्या संपण्याच्या कितीतरी आधी पुढची मागणी नोंदवावी लागते.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेडचा समावेश होता. पुढच्या वर्षी ती लातूरसह राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळाले. २०२३ मध्ये कुटुंबामागे वार्षिक संरक्षण ५ लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया व रसायनोपचार योजनेत आहेत. एखादे विशिष्ट औषध त्यात बसते का, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून उपचार सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

ग्रामीण रुग्णालयाची भूमिका या साखळीत छोटी दिसली, तरी जीव वाचवणारी आहे. हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन दमा आणि तीव्र ॲलर्जीसाठी ठेवले जाते, म्हणजे औषध हाताशी असते. अडचण माहितीची असते. उलट्या होत असलेला, गळून गेलेला रुग्ण रात्री दाखल झाला, तर त्याला हे इंजेक्शन तातडीने हवे आहे, हे तेथील डॉक्टरला कळले पाहिजे. त्यासाठी रुग्णाच्या खिशात मराठी व इंग्रजीत लिहिलेले कार्ड असावे. त्यावर आजाराचे नाव, मायटोटेन चालू असल्याची नोंद, हायड्रोकॉर्टिसोनची रोजची आणि तातडीची मात्रा व उपचार करणाऱ्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक असावा. घरातील किमान दोघांना याची माहिती हवी. जवळच्या रुग्णालयात रुग्ण बरा असतानाच एकदा जाऊन हे कागद दाखवून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

वेदना, मळमळ आणि अशक्तपणा यांवरील शामक उपचार अखेरच्या दिवसांसाठी राखून ठेवण्याचे कारण नाही. ते पहिल्या चक्रापासून इतर उपचारांच्या जोडीने द्यायचे असतात.

बालकांतील आजार आणि आनुवंशिकता

बालकांतील अधिवृक्क कर्करोगामागे टीपी-५३ या जनुकातील जन्मजात दोष अनेकदा सापडतो. हाच दोष ली-फ्राउमेनी संलक्षणाच्या मुळाशी असतो. त्यात एकाच घराण्यात लहान वयात स्तन, मेंदू, हाडे व स्नायू यांचे कर्करोग आढळतात. दक्षिण ब्राझीलमध्ये या जनुकातील एक विशिष्ट बदल पिढ्यान्पिढ्या पसरल्यामुळे तेथील बालकांत हा कर्करोग इतर जगापेक्षा कितीतरी जास्त आहे. रुग्ण मूल असेल तर आनुवंशिक तपासणीचा सल्ला नेहमी दिला जातो. प्रौढांतही ती सुचवली जाते. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक संस्थेत कर्करोग आनुवंशिकीचा विभाग आहे. दोष आढळल्यास भावंडांच्या नियमित तपासण्या सुरू करता येतात.

मध्यकाची अर्बुदे

मध्यकातून उगवणाऱ्या फिओक्रोमोसायटोमा या अर्बुदातही काही वेळा दूरस्थ प्रसार होतो. डोकेदुखी, दरदरून घाम आणि छातीत धडधड यांचे झटके व चढता रक्तदाब ही त्याची लक्षणे आहेत. शस्त्रक्रियेआधी काही दिवस प्राझोसिन किंवा तत्सम औषधाने रक्तदाब आटोक्यात आणणे अनिवार्य असते. पसरलेल्या आजारात सायक्लोफॉस्फमाइड, व्हिन्क्रिस्टिन व डकार्बाझिन यांचा रसायनोपचार किंवा किरणोत्सारी आयोडिन व ल्युटेशियम जोडलेली औषधे दिली जातात. मायटोटेनचा या अर्बुदावर उपयोग नाही.